सैनिकी गाव पोकळ का वाटतं? थेरामोरच्या निमित्तानं एक सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. तुम्ही तिघं मित्र मिळून एक फँटसी ऑनलाइन आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा खेळ, बनवताय. त्यात सरहद्दीवर एक सैनिकी गाव आहे. चार वेशी, दुहेरी तटबंदी, बराकी, शस्त्रागार, दोनशेच्या वर पहारेकरी. स्क्रीनशॉट पाहिले, दिसायला झकास आहे. पण ज्यांना खेळायला दिलं ते सगळे दोन मिनिटांत गावातून आरपार निघून गेले, आणि नंतर विचारलं तर गावाचं नावसुद्धा कुणाला सांगता आलं नाही. तर या गावात आणखी काय घालावं, हा पहिला प्रश्न. आणि पुढं कथेत हे गाव बेचिराख करायचं मनात आहे, ते करावं का, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर: आणखी काहीही घालू नका. चारपैकी तीन वेशी बुजवा.

दुसऱ्याकडे सावकाश येतो, कारण त्यासाठी एका गावाची अख्खी गोष्ट सांगावी लागेल. लेव्हल डिझाइनच्या, म्हणजे खेळांतल्या जागा रचायच्या, धंद्यात मला पंधराएक वर्षं झाली. सैनिकी गाव कसं असावं असं कुणी विचारलं की मी अजूनही वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळातल्या थेरामोरचंच नाव घेतो. ते काही त्या खेळातलं सर्वांत देखणं गाव नव्हे. स्टॉर्मविंड, ऑर्ग्रिमार ही मोठी शहरं त्याच्यापुढं कितीतरी भव्य आहेत. पण ती राजधानीची शहरं. तिथं लिलावघर असतं, बँक असते, गर्दी आपोआप होते. थेरामोर हे ठाणं आहे, आणि ठाण्याला गर्दी कमवावी लागते.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कालिमडोर खंडाच्या पूर्व किनाऱ्याला डस्टवॉलो मार्श नावाची दलदल आहे, आणि तिला लागून समुद्रात थेरामोर बेट. मोठ्या युद्धातून वाचलेल्या माणसांना घेऊन जेना प्राउडमूर ही जादूगारीण इथं आली आणि तिनं हे बंदर वसवलं. शेजारी ऑर्क लोकांचं नवं राज्य. जेनाला त्यांच्याशी तह हवा होता. तिचा बाप डेलिन हा कुल तिरास या दर्यावर्दी राज्याचा अ‍ॅडमिरल, त्याला ऑर्कांशी तह ही कल्पनाच असह्य. 2003 साली आलेल्या वॉरक्राफ्ट 3 च्या फ्रोझन थ्रोन या भागात तो आरमार घेऊन येतो, लेकीचं गाव ताब्यात घेऊन लढाई सुरू करतो, आणि शेवटी त्याच गावात होर्डच्या, म्हणजे ऑर्कांच्या पक्षाच्या, हातून मारला जातो. जेना आड येत नाही.

हे सगळं 2004 च्या नोव्हेंबरात मुख्य ऑनलाइन खेळ आला त्याच्या आधीचं. म्हणजे खेळाडू थेरामोरात पहिलं पाऊल ठेवतो तेव्हाच गावाच्या पोटात एक सल आहे: गावाची मालकीण शांततेची बाजू धरून बसलीय, आणि पहाऱ्यावरच्या काही शिपायांचा सेनापती तिच्या डोळ्यांदेखत मेलाय. तुमच्या गावाच्या टिपणात मला सेनापतीची सात पिढ्यांची वंशावळ सापडली, पण असा एकही सल सापडला नाही.

आता वेशी बुजवायला का सांगितलं ते. थेरामोरला जमिनीवरून यायची एकच वाट, मुख्य भूमीला जोडणारा पूल. दुसरी वाट पाण्यावरची, मेनेथिल बंदराहून सुटणारी बोट. तिसरी हवेतली, ग्रिफॉन या उडत्या प्राण्यावरची. बस्स. अलायन्सच्या, म्हणजे माणसांच्या पक्षाच्या, खेळाडूला पूर्वेकडच्या खंडातून कालिमडोरच्या दक्षिणेला, तानारिसच्या वाळवंटाकडे जायचं असलं की ही बोट गाठणं आलं. ती निघून गेली असेल तर धक्क्यावर उभं राहायचं. शेजारी कुणी मासे धरतोय, कुणी उगाच उड्या मारतोय, कुणी अनोळखी माणूस उगाचच एखादं बळ वाढवणारं मंतर टाकून जातोय. बोट लागली, चढलात, आणि चहा आणायला उठलात तर परत येईपर्यंत बोट थेरामोरला लागून पुन्हा उलटी निघालेली. माझं असं किती वेळा झालंय याची मोजदाद नाही. पुण्याहून युरोपच्या सर्व्हरवर रात्री-अपरात्री खेळायचो, चहाशिवाय भागायचं नाही.

हे वाट पाहणं हाच सैनिकी गावाचा जीव आहे, असं माझं मत आहे. तुम्ही लिहिलंय की तुम्ही देवळाली कॅम्पात वाढलात. मग हे मी तुम्हाला सांगायला नको. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डुलाली' म्हणतात, तो शब्द तुमच्या देवळालीवरूनच गेलाय. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत पडून राहायचे. बोटी ठरावीक महिन्यांतच निघायच्या. काम नाही, उकाडा, दारू, ताप, आणि मग डोक्यावर परिणाम. छावणीच्या गावात लढाई कधीमधी होते. बाकी सगळा वेळ माणसं कशाची ना कशाची वाट बघत असतात: हुकमाची, पगाराची, बोटीची, जखम भरायची, शत्रू दिसण्याची. आपण डिझाइन करणारे नेमकं उलटं करतो. लढाईची सगळी सामग्री मांडून ठेवतो आणि वाट बघायला एक कट्टासुद्धा ठेवत नाही. खेळाडू चार वेशींच्या गावातून आरपार जाणारच. त्याला थांबायचं कारण काय?

बरं, थांबवायचं म्हणजे नुसतं अडवायचं नाही. थांबलेल्या माणसाच्या हाताला त्या गावाचंच काम द्यायचं. या बाबतीत थेरामोरात एक जागा अशी आहे की मी नव्या पोरांना शिकवताना दर वेळी तिच्यापासूनच सुरुवात करतो. ती म्हणजे फूटहोल्ड सिटाडेल या किल्ल्यातला दवाखाना.

जुन्या खेळात फर्स्ट एड हा वेगळा हुन्नर होता. कापडाच्या पट्ट्या करायच्या, जखमांवर बांधायच्या. हुन्नर 225 पर्यंत नेला आणि लेव्हल 35 झाली की पुढचं शिकायला अलायन्सच्या खेळाडूला थेरामोरलाच यावं लागायचं, डॉक्टर गुस्ताफ व्हॅनहौझनकडे. डॉक्टर साहेब नुसते पैसे घेऊन शिकवत नाहीत. आधी परीक्षा. तुमच्या हातात 20 पट्ट्या ठेवतात आणि खाटांकडे बोट दाखवतात. खाटांवर जखमी शिपाई येऊन पडायला लागतात. काही जखमी, काही जास्त जखमी, काही अगदी अखेरच्या घटका मोजणारे. कोण कुठला ते नावावरच लिहिलेलं. सगळ्यांचं रक्त एकाच वेळी उतरत असतं. 15 जण वाचवायचे. 6 दगावले की नापास, पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्यांदा बसलो तेव्हा मी शहाण्यासारखा दाराजवळच्या खाटेपासून ओळीनं सुरुवात केली. तीन जणांना पट्टी बांधून मागं वळतो तो पलीकडच्या दोन खाटांवरचे गेलेले. मग धावपळ. पट्टी बांधायला जवळ उभं राहावं लागतं, बांधायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात तिसरा गेला. माझं नेट त्या दिवसांत असं होतं की क्लिक केल्यावर खेळाला ते कळेपर्यंत शिपाई स्वर्गवासी. दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा गिल्डमधल्या, म्हणजे आमच्या खेळाडूंच्या टोळीतल्या, एका जुन्या गड्यानं युक्ती सांगितली: कॅमेरा पार वर घे, छताकडून खाली बघ, सगळ्या खाटा एका नजरेत येतात. खोलीच्या मधोमध उभा राहा. अखेरच्या घटकेतले आधी, मग जास्त जखमी, आणि साध्या जखमींकडे हात मोकळा असेल तेव्हाच. तो कितीही विव्हळला तरी. बरा झालेला शिपाई उठतो, डॉक्टर म्हणून तुमचे आभार मानतो आणि चालायला लागतो. रिकाम्या खाटेवर दुसरा येतो.

यात ग्राफिक्स काही नाही. काही खाटा, तेच तेच चेहरे, एक अ‍ॅनिमेशन. पण साध्या जखमीला मागं ठेवायचा निर्णय हा तुमचा स्वतःचा. युद्धभूमी कुठंही न दाखवता लढाई चालू असल्याचं या खोलीनं जेवढं पटवलं तेवढं शंभर पहारेकऱ्यांनी पटवलं नसतं. होर्डच्या खेळाडूंना हीच परीक्षा अराथी हायलँड्समध्ये हॅमरफॉल या ठाण्यावर द्यावी लागायची, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पिढ्याच्या पिढ्या या खाटांवरून गेल्या. 2018 साली फर्स्ट एड हा हुन्नरच मुख्य खेळातून काढून टाकला. मला विचाराल तर चूक केली. जुना खेळ पुन्हा आणणाऱ्या क्लासिक या आवृत्तीत मात्र तो परत आला. तेव्हा 2019 साली मी मुद्दाम थेरामोरला जाऊन पुन्हा बसलो. पहिल्या फेरीत पास. नेट सुधारलंय, मी नाही.

तुमच्या गावात दवाखाना आहे, मी पाहिला. दार बंद आहे. आत काहीच नाही. बाहेर लाल क्रॉस लावलाय, तोही काढा. तुमच्या जगात तो कुठून येणार?

आता त्या सलाकडे येतो, कारण गावाला पूर्वेतिहास असणं वेगळं आणि तो खेळाडूच्या पायात येणं वेगळं. थेरामोरहून दलदलीत शिरलं की रस्त्यालगत शेडी रेस्ट नावाची जळलेली खानावळ लागते. खेळ तुम्हाला तिथं ओढून नेत नाही. तुम्ही आपलं कुतूहल म्हणून आत डोकावता, तर मातीत खुरांचे ठसे, फळ्यांत अडकलेला एका शिपायाचा बिल्ला, आणि एक काळी ढाल. या तीन वस्तू उचलून किल्ल्यात कॅप्टन गॅरन व्हाइम्सपुढं ठेवल्या की चौकशी सुरू होते. बिल्ला निघतो थेरामोरच्याच एका लेफ्टनंटचा. तो पळालेला आहे. आणि पुढच्या क्वेस्टचं, म्हणजे खेळाडूला मिळणाऱ्या कामगिरीचं, नावच 'डेलिनची माणसं' आहे. म्हणजे ज्या अ‍ॅडमिरलची गोष्ट तुम्ही वर वाचली, त्याच्याशी इमान राखणारे शिपाई ठाणं सोडून दलदलीत जाऊन बसलेत.

गंमत अशी की ही चौकशी मूळ खेळात नीट संपतच नव्हती. ढालीचा माग एका ठिकाणी जाऊन विरून जायचा, आणि लोक वर्षानुवर्षं भांडत बसायचे की खानावळ जाळली कुणी. 2007 च्या नोव्हेंबरातल्या 2.3 या पॅचमध्ये अख्ख्या दलदलीवर नव्यानं हात फिरवला, ढीगभर क्वेस्ट घातल्या, मडस्प्रॉकेट नावाची गॉब्लिनांची वस्ती आणली, आणि हे पळपुट्यांचं प्रकरणही पुढं नेलं. त्यातली एक क्वेस्ट मला फार आवडते. पळपुटे शिपाई आपल्या जुन्या सोबत्यांना फितवायला छापील पत्रकं वाटतात. तुम्ही ती पत्रकं गोळा करून आणायची. मग अधिकारी त्यात फेरफार करतात, आणि तीच बदललेली पत्रकं तुम्ही गावात हिंडून पहारेकऱ्यांच्या हातात द्यायची, म्हणजे पळपुट्यांवरचा त्यांचा विश्वास उडेल. विचार करा. पहारेकरी हा एरवी खेळातला सर्वांत निर्जीव माणूस, रस्ता विचारण्यापुरता. इथं तुम्ही एकेकाजवळ जाऊन त्याला खोटा कागद देताय, आणि देताना कळतंय की याचं मन डळमळीत आहे म्हणूनच आपल्याला पाठवलंय. गावातला प्रत्येक पहारेकरी एका झटक्यात संशयित झाला. खर्च किती? एक कागदाचं चित्र आणि दोन-चार वाक्यं.

असंच एक दुसरं जुनं प्रकरण होतं, हरवलेल्या वकिलाचं, म्हणजे राजदूताचं. सुरुवात स्टॉर्मविंडच्या कॅथेड्रलमध्ये होते, एकाच नावाचे दीड डझन तुकडे करत ते तुम्हाला पार मेनेथिलच्या दारूच्या गुत्त्यापर्यंत फिरवतं, आणि धागा शेवटी थेरामोरच्या बाहेरच्या चौकीवरच्या एका साध्या शिपायापर्यंत येतो, प्रायव्हेट हेंडेल. त्याला नमवल्यावर प्रकरण जाऊन पोचतं थेट जेनापुढं, आणि तुम्हाला कळतं की हरवलेला वकील म्हणजे खुद्द स्टॉर्मविंडचा राजा व्हेरियन. थेरामोरला वाटाघाटींसाठी येत असताना गायब झालेला. पुढं? पुढं काही नाही. राजा प्रत्यक्ष सिंहासनावर दिसला तो 2008 साली. इतकी वर्षं लोकांनी वाट पाहिली. मी काही या ढिलाईची तरफदारी करत नाही, आपल्या खेळात असं अर्धवट ठेवलं तर लोक शिव्या घालतील. सांगायचं एवढंच की धागा राजधानीच्या कॅथेड्रलमधून सुटला आणि चौकीवरच्या शिपायापाशी येऊन अडकला. तुमच्या गावात नाव असलेला एकही साधा शिपाई नाही. सगळे सरदार आहेत.

शत्रूचं काय? तुमच्या दस्तऐवजात शत्रूपक्षाच्या खेळाडूसाठी या गावाबद्दल एकच ओळ आहे: 'प्रवेश नाही.' बांधकामाचा निम्मा खर्च इथं वाया गेला. होर्डच्या खेळाडूला थेरामोर दुरूनच दिसतं, पहारेकरी त्याला जिवंत आत येऊ देत नाहीत. तरी त्याला तिथं पाठवलंय. ब्रॅकनवॉल हे होर्डचं खेडं त्याच दलदलीच्या उत्तरेला आहे. तिथून काम मिळतं: थेरामोरच्या धक्क्याखाली पाण्यात एका कप्तानाची कागदपत्रं आहेत, ती आण. मग तुम्ही रात्रीच्या वेळी पाण्यातून पोहत जाता. वर लाकडी फळ्या, त्यावर पहाऱ्याचे पाय, आणि तुम्ही खाली श्वास रोखून चाचपडताय. श्वासाची पट्टी सरकतेय. अलायन्सचा खेळाडू ज्या धक्क्यावर चहाच्या कपासकट कंटाळत उभा असतो, त्याच धक्क्याच्या खालच्या बाजूला त्याच क्षणी दुसऱ्या कुणाची छाती धडधडत असते. एकच बांधकाम, दोन अनुभव. तुमचं ठाणं शत्रूच्या बाजूनं कसं दिसतं ते आधी काढा. बहुतेक वेळा तटबंदीतली सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे तिच्यातलं भोक असतं.

आणखी एक वर्दळ सांगतो, ही डिझाइन करणाऱ्यांनी थेट घडवलेली नाही, नकाशानं घडवलेली आहे. डस्टवॉलोच्या दक्षिणेला ऑनिक्सिया या ड्रॅगनीणीची गुहा. 40 जणांची रेड, म्हणजे एकत्र जमून करायची मोहीम. क्लासिकमध्ये ती दर 5 दिवसांनी पुन्हा खुली व्हायची. अलायन्सची सगळी पलटण ग्रिफॉननं थेरामोरला उतरायची आणि तिथून घोड्यांवर दलदल तुडवत निघायची. आमच्या गिल्डमध्ये दर खेपेला दोघं-तिघं रस्ता चुकून कोळी-किड्यांच्या तावडीत सापडायचे, आणि रेड लीडर व्हॉइस चॅटवर शिव्या घालत पूर्ण पलटण थांबवून ठेवायचा. पण या गडबडीमुळे थेरामोर आठवड्यातून एक-दोनदा खरोखर सैनिकी गाव दिसायचं. खऱ्या माणसांची खरी पलटण मोहिमेवर निघतेय, दुरुस्तीवाल्याकडे रांग लागलीय, कुणी औषधं विसरलाय. तुमच्या गावाजवळ असं काय आहे ज्यासाठी वीस-तीस खेळाडूंना एकत्र जमून निघावं लागेल? मला तुमच्या नकाशात रेडची गुहा दिसली, ती राजधानीच्या मागच्या डोंगरात आहे. उचला आणि इकडे आणा.

थेरामोरात उणं काय, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्याची सहीसही नक्कल कराल. तिथं संसार नाही. देवळाली घ्या, खडकी घ्या, पुण्याचा कॅम्प घ्या: छावणी आली की सदर बाजार आला. शिंपी, न्हावी, धोबी, पावाची भट्टी, बुटाची दुकानं, उधारीच्या वह्या. पलटण बदलली तरी बाजार तिथंच, आणि गावाची खरी आठवण बाजाराकडे असते. थेरामोरात खानावळ आहे, लोहार आहे, थोडीफार दुकानं आहेत, मैदानात कवायत करणारे शिपाईही आहेत. पण युनिफॉर्म शिवून देणारा आणि पैशांसाठी मागं लागणारा कुणी नाही. पोरं तर जवळपास नाहीतच. दलदलीत शेती होत नाही, मग हे लोक खातात काय, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. तुम्ही कॅम्पात वाढलात, तुमच्याकडे याचं भांडवल तयार आहे. ते वापरायचं सोडून तुम्ही युरोपातला किल्ला उभा केलाय.

स्वतःची चूकही सांगून टाकतो. एका स्टुडिओत असताना मी असंच एक ठाणं केलं होतं. बराकीतला प्रत्येक पलंग वेगळा, प्रत्येक भाला वेगळा. महिनाभर त्यातच गेला. खेळून बघणाऱ्यांच्या हालचालींचा नकाशा आला तेव्हा बराकीच्या दाराच्या आत एकसुद्धा ठिपका नव्हता. सगळे ठिपके एका विहिरीपाशी दाटलेले. का, तर तिथं एका सोबत्यानं गंमत म्हणून एक कुत्रं ठेवलं होतं आणि त्याला भाकरी टाकता यायची. तेव्हापासून मी आधी कुत्रं ठेवतो, बराक नंतर.

आता बेचिराख करण्याबद्दल.

थेरामोर 2012 साली उडवलं. मिस्ट्स ऑफ पँडारिया या भागाच्या तोंडावर, सप्टेंबरच्या मध्याला, तीन खेळाडूंनी मिळून खेळायचा एक छोटा प्रसंग आला. कथा अशी: होर्डचा तेव्हाचा वॉरचीफ गॅरॉश हेलस्क्रीम आधी किनाऱ्यावरचं नॉर्थवॉच होल्ड घेतो. त्याचे सरदार म्हणतात, लगेच थेरामोरवर चालून जाऊ. तो थांबतो. मुद्दाम. तेवढ्यात अलायन्सचे नामांकित सेनापती आणि जहाजं मदतीला थेरामोरात गोळा होतात. सगळे जमले की तो वरून माना बॉम्ब, म्हणजे जादूचा बॉम्ब, टाकतो. तो बॉम्ब चालतो फोकसिंग आयरिस या निळ्या ड्रॅगनांकडून पळवलेल्या वस्तूच्या बळावर. आणि ही तीच वस्तू जिच्या किल्लीसाठी 2008-09 च्या सुमारास आम्ही नॅक्सरमास हा किल्ला पालथा घालत होतो, कारण त्याशिवाय मॅलिगोस या ड्रॅगनची रेडच सुरू व्हायची नाही. आपल्याच हाताळणीतली वस्तू उलटून आपल्याच गावावर पडली. कल्पना म्हणून हे फार वरच्या दर्जाचं आहे. रोनिन हा बडा जादूगार जेनाला पोर्टलमधून ढकलून वाचवतो आणि स्वतः मरतो. ती वाचते, केस पांढरे होतात, आणि आयुष्यभर तहाची भाषा बोललेली ही बाई होर्डची राजधानी ऑर्ग्रिमार बुडवायला निघते.

एवढं सगळं असून प्रत्यक्ष खेळात तो प्रसंग फसला, आणि का फसला ते तुम्ही नीट बघा. मी आत्ता जे सांगितलं त्यातलं बरंचसं खेळात नव्हतंच, वेगळ्या कादंबरीत होतं. होर्डच्या बाजूनं तुम्ही बंदरातली जहाजं उडवता, थॅलन साँगवीव्हर या फितूर जादूगाराला सोडवता, निघून जाता, आणि बॉम्ब पडताना पाहता. अलायन्सच्या बाजूनं तुम्ही पोचता तोवर गाव गेलेलंच असतं. उरलेल्या शत्रूंना हाकलायचं आणि आयरिस वाचवायला जेनाला मदत करायची. अर्ध्या तासाच्या आत सगळं उरकतं, बक्षीस म्हणून थेरामोरचा एक टॅबर्ड, म्हणजे बोधचिन्हाचा अंगरखा, अंगावर येतो. ज्या गावात आम्ही पट्ट्या बांधल्या, बोटीची वाट पाहिली, त्या गावाला वाचवायला धावायची संधीच आम्हाला मिळाली नाही. डॉक्टरचं काय झालं हे खेळात कुणी विचारलंसुद्धा नाही. मी शोधत होतो, खड्ड्यात.

जे लागलं ते भलतीकडेच लागलं. स्टॉर्मविंडच्या वेशीत जनरल मार्कस जोनाथन घोड्यावर बसलेला असायचा. त्याला सलाम ठोकला तर तो उलट सलाम करायचा. पहिल्याच आठवड्यात नवख्या खेळाडूला कुणीतरी ही गंमत दाखवायचं. तो थेरामोरच्या मदतीला गेला आणि तिथंच मेला. नंतर एका रात्री स्टॉर्मविंडमध्ये शिरताना मी सवयीनं सलामाची कमांड टाइप केली आणि बघतो तो दुसराच कुणी उभा. त्या खड्ड्यापेक्षा हे मला जास्त लागलं. गावाचा नाश गावात दाखवता येत नाही, तो दूरच्या एखाद्या ओळखीच्या जागी दाखवावा लागतो.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: करा, पण निदान वर्षभर नको. आधी लोकांना तिथं कंटाळू द्या. बोट चुकू द्या, दवाखान्यात नापास होऊ द्या, धक्क्याखाली बुडू द्या. आणि उडवायच्या आधी गावातली पाच-सहा माणसं निवडून त्यांना राजधानीत, दुसऱ्या खेड्यात, रस्त्यावर कुठं ना कुठं नेमून ठेवा, म्हणजे त्यांची जागा रिकामी झालेली दिसेल. दोन्ही पक्षांना प्रसंग वेगवेगळ्या बाजूंनी दाखवा, मात्र हरणाऱ्या पक्षाला उशिरा पोचवू नका. त्यांना बॉम्बच्या आधीची रात्र द्या. काम लढाईचं नको, माणसं बोटीत बसवायचं द्या. बोटीत जागा किती आणि धक्क्यावर माणसं किती, एवढं दाखवलं की पुरे. दवाखान्यातल्या खाटांचं गणित त्यांना तोवर येत असेल.

जुनं गाव पाहायची सोयही ठेवा. डस्टवॉलोमध्ये आता झिडोर्मी नावाची कांस्य ड्रॅगनीण उभी असते, तिच्याशी बोललं की ती तुम्हाला नाशाच्या आधीच्या काळात नेते आणि थेरामोर पुन्हा धडधाकट दिसतं. नव्या खेळाडूंना क्वेस्टसाठी ते लागतंच. जुने खेळाडू उगाच जातात. मी जातो.

एक करा. सध्याचा नकाशा बाजूला ठेवून नव्या फाइलमध्ये फक्त धक्का, एक पूल, सहा खाटांची खोली आणि उधारीची वही असलेला एक शिंपी एवढंच मांडा. पहारेकरी बारा पुरेत, पण बाराही जणांना नावं हवीत, आणि त्यातला एक पुढच्या महिन्यात पळून जाणार आहे हे तुम्हा तिघांना आत्तापासून ठाऊक हवं. ही फाइल चालती झाली की मला पाठवा, रात्री अकरानंतर बसून खेळून बघतो. बोट मात्र वेळेवर सोडू नका.